चव्वेचाळीस-चाळीस : तरफेच्या बंदुकीचें बळ आणि हातीं भरलेलें काडतूस

शस्त्रांच्या इतिहासांत आपल्याकडील अभ्यासकांचें लक्ष बहुधा तरवार, पट्टा, जेजाला आणि तोफ यांजवर असतें, आणि तें साहजिकच आहे. अमेरिकेंतील एका बंदुकीविषयीं या पानांत लिहावयाचें तर त्यास कांहीं निमित्त सांगितलें पाहिजे. माझा एक जुना विद्यार्थी, जो मजजवळ रघुवंशाचे दोन सर्ग शिकला व पुढें यंत्रशास्त्राकडे वळला, तो आज कित्येक वर्षें टेक्सासमध्यें राहतो. त्यानें विंचेस्टर कारखान्याच्या इ. स. १८७३ च्या नमुन्याबरहुकूम इटालींत घडविलेली एक प्रतिकृति विकत घेतली. तिचीं काडतुसें तो स्वतः घरीं भरतो. त्या देशांत हा छंद पुष्कळांस आहे. कांहीं महिन्यांनीं बंदुकीची तरफ जड चालूं लागली, बाहेर पडणाऱ्या पितळी कवचांवर बुडापासून थोड्या अंतरावर चकाकणारें वलय दिसूं लागलें, आणि एके दिवशीं एक कवच आडवें तुटून त्याचा अर्धा भाग नळींतच राहिला. इजा कोणास झाली नाहीं. तेथील कारागिरानें यंत्रांतील खिळे वाकल्याचें दाखवून बंदूक वापरूं नये असें सांगितलें.

विद्यार्थ्यानें मला लांबलचक पत्र लिहिलें. त्याचें म्हणणें असें कीं, बंदुकीचें पोलाद आजचें आहे, जुनें नव्हे. तिजवर सरकारी परीक्षेचा शिक्का आहे. आणि हाच नमुना '.३५७ मॅग्नम' या काडतुसासाठींही विकला जातो, ज्याचा मान्य दाब दर चौरस इंचास ३५,००० पौंड आहे. 'मीं भरलेल्या '.४५ कोल्ट' काडतुसांचा दाब पुस्तकांतील कोष्टकाप्रमाणें ३०,००० च्या वर जात नव्हता. मग पांच हजारांनीं कमी दाब असतां माझीच बंदूक सैल कां व्हावी?'

प्रश्न यंत्रशास्त्राचा दिसतो, व त्याचा कांहीं भाग तसा आहेही. परंतु शोध करतां करतां मला असें दिसून आलें कीं, त्याचें खरें उत्तर या बंदुकीच्या वंशावळींत आहे.

या वंशाचा मूळ पुरुष वॉल्टर हंट. त्यानें १८४८-४९ च्या सुमारास पोकळ गोळींतच दारू भरण्याची युक्ति काढली. ती युक्ति जेनिंग्ज, स्मिथ आणि वेसन यांच्या हातांतून जात जात १८५५ सालीं 'व्होल्कॅनिक' नांवाच्या कंपनीकडे आली. शर्टांचा व्यापारी ऑलिव्हर विंचेस्टर हा त्या कंपनींत भागीदार होता. ती बुडाल्यावर तिचा माल त्यानेंच आपल्याकडे घेतला. त्याच्या कारखान्यावरील टायलर हेन्री यास १६ ऑक्टोबर १८६० रोजीं आपल्या बंदुकीचें पेटंट मिळालें. हेन्रीची बंदूक १८६६ त सुधारली गेली, व १८७३ त तिची चौकट पितळी मिश्रधातूऐवजीं लोखंडाची आणि पुढें पोलादाची झाली. धातु बदलला, काडतूस बदललें, भरण्याची खिडकी आली. परंतु बार उडतांना नळीचें मागील तोंड बंद ठेवणारी जी मुख्य योजना, ती हेन्रीपासून १८७३ पर्यंत, किंबहुना १८७६ च्या मोठ्या नमुन्यापर्यंत, एकच राहिली.

ती योजना समजून घेण्यास आपल्या गुडघ्याचा दृष्टांत पुरेसा आहे. मनुष्य गुडघा ताठ करून उभा राहिला म्हणजे डोक्यावर मोठें ओझें असलें तरी पाय तें सहज पेलतो, कारण भार हाडांच्या सरळ रेषेंतून जमिनींत उतरतो. तोच गुडघा किंचित् वांकवा, कीं अर्ध्या ओझ्यानें मांड्या थरथरूं लागतात. या बंदुकींत काडतुसाच्या बुडामागें एक सरकता अडसर असतो. त्यामागें दोन्ही बाजूंस दुव्यांची एकेक जोडी असते आणि दुवे खिळ्यांवर फिरतात. तरफ खालीं केली कीं गुडघा दुमडतो व अडसर मागें येतो. तरफ मिटली कीं गुडघा ताठ होऊन अडसर पुढें दाबून धरतो. बार उडाला म्हणजे वायूचा सर्व रेटा अडसरावरून दुव्यांत, दुव्यांवरून खिळ्यांत व खिळ्यांवरून चौकटींत जातो. अडसरास चौकटीशीं जखडणारें दुसरें कांहीं नाहीं. तेव्हां या यंत्राचें बळ पोलादाच्या जाडींत थोडें आणि त्या सरळ रेषेंत फार आहे. एखादा खिळा केसभर वाकला, त्याचें भोंक केसभर लांबट झालें, तर रेषा मोडते. आणि पुढचा प्रत्येक बार ती अधिकच मोडतो. अडसर व काडतूस यांमध्यें फट पडते, कवच त्या फटींत ताणलें जातें, आणि वर सांगितलेलें चकाकणारें वलय उमटतें. तें वलय म्हणजे कवच कोठें तुटणार त्याची आगाऊ खूण होय.

ही योजना दुबळी होती असें मात्र कोणीं समजूं नये. तुर्की सरकारनें १८६६ च्या नमुन्याच्या पन्नास हजार बंदुका घेतल्या होत्या, आणि १८७७ सालीं प्लेव्हना येथें रशियन सैन्यास त्यांचा प्रताप कळून आला. १८७६ च्या नमुन्याची कारखान्यानें घेतलेली परीक्षा तर या विषयांतील लोक वारंवार सांगतात. एक दुवा काढून टाकून वीस बार काढले, तरी यंत्र ढळलें नाहीं. मग दुवा परत बसवून ७५ ग्रेनांच्या नेहमींच्या बाराऐवजीं १०५ ग्रेनांपासून चढत चढत २०३ ग्रेनांपर्यंत दारू आणि एकावर एक अनेक गोळ्या घातल्या. शेवटीं चौकट फाटली व बाजूचे पत्रे उडाले. माझ्या विद्यार्थ्यानेंही या परीक्षेचा दाखला दिला होता. परंतु कोणताही लेख तपासतांना तो कोणत्या प्रश्नाचें उत्तर म्हणून लिहिला गेला हें आपण आधीं पाहतों. कारखान्यानें विचारलेला प्रश्न 'बंदूक फुटते काय?' असा होता. 'शेंकडों बारांनंतर खिळे सरळ राहतात काय?' हा प्रश्न तेथें नव्हताच. शिवाय ती परीक्षा काळ्या दारूची आहे, आणि सगळी गोम येथेंच आहे.

१८७३ च्या बंदुकीबरोबर जें काडतूस निघालें त्यास कारखान्यानें आपलें नांव दिलें होतें : '.४४ डब्ल्यू. सी. एफ.', म्हणजे विंचेस्टरचें मधोमध टोपी असलेलें. प्रतिस्पर्धी कारखानदार आपल्या मालावर विंचेस्टरचें नांव कशाला छापतील? त्यांनीं त्यास '.४४-४०' म्हटलें, आणि लोकांत तेंच टिकलें. पहिला अंक नळीच्या व्यासाचा, तोही स्थूलमानाचा, कारण गोळीचा व्यास प्रत्यक्षांत .४२७ इंचाच्या आसपास आहे. दुसरा अंक दारूचा : चाळीस ग्रेन काळी दारू. आपल्या तोळ्याचे ग्रेन १८० व गुंजा ९६ धरल्या तर ही दारू एकवीस गुंजांहून किंचित् अधिक भरते. आणि तिजपुढील २०० ग्रेनांची गोळी तोळा व अकरा गुंजांच्या जवळपास. व्याकरणाच्या भाषेंत बोलावयाचें तर हें नांव मूळचें यौगिक आहे. अवयवांचा अर्थ जोडला कीं पदार्थाचा बोध होतो.

आतां हे चाळीस ग्रेन कोणी ठरविले? पितळी कवचाच्या पोकळीनें ठरविले. काळी दारू कवचांत अशी भरावी लागते कीं गोळी व दारू यांमध्यें मोकळी जागा राहूं नये. राहिली तर तीच धोक्याची. आणि अधिक भरूं म्हटलें तर ती मावत नाहीं. म्हणजे ज्या गुराख्यानें शेगडीपाशीं बसून, विंचेस्टरनेंच १८७४ पासून विकलेल्या चिमट्यानें आपलीं काडतुसें भरलीं, त्याला तराजूची गरज नव्हती. कवच हेंच त्याचें माप होतें. आपल्या ठासणीच्या बंदुकींत हा लगाम नसे. शिंगांतून मापट्यानें दारू ओतावी, चुकून दोनदां ओतली तरी लांब नळींत ती सुखानें मावावी. आणि तोफ फुटून गोलंदाज दगावल्याच्या हकीकती वाचकांस अपरिचित नाहींत. तरफेच्या बंदुकीचें बळ मर्यादित होतें, पण तिच्या काडतुसाची पोकळी त्या मर्यादेच्या आंत होती. पोलाद आणि पोकळी यांचा हा मेळ वीस वर्षें निर्वेध चालला.

तो मेळ निर्धूर दारूनें मोडला. फ्रान्सांत पोल व्हिएल यानें १८८४ सालीं ती सिद्ध केली. अमेरिकेंत १८९५ त विंचेस्टरनें तिच्यासाठीं नवें '.३०-३०' काडतूस व निकेलयुक्त पोलादाची नळी बाजारांत आणली. जुन्या काडतुसांतही ती भरली जाऊं लागली. चाळीस ग्रेन काळ्या दारूचें काम तिच्यांतील कांहीं जाती दहा ग्रेनांच्याही आंत करतात. म्हणजे कवच आतां तीन चतुर्थांश रिकामें! भरणारा क्षणभर अन्यमनस्क झाला व एकाच कवचांत दोनदां दारू पडली, तर कवच तें मुकाट्यानें पोटांत घेतें, वरून गोळी बसते, आणि बाहेरून कांहीं ओळखूं येत नाहीं. 'चाळीस' हा अंक नांवांत राहिला, अर्थ मात्र निघून गेला. यौगिक शब्द रूढ झाला. 'कुशल' म्हणजे दर्भ तोडणारा हें आज कोणाच्या मनांतही येत नाहीं. भाषेचें त्यानें कांहीं बिघडत नाहीं, परंतु दारूच्या मापाची गोष्ट तशी नव्हे.

याच सुमारास दुसरी एक गोष्ट घडून आली. जॉन ब्राउनिंग यानें १८८४ सालीं पेटंट घेतलेली तरफेची नवी योजना विंचेस्टरनें १८८६ त मोठ्या व १८९२ त लहान बंदुकींत वापरली. तिच्यांत गुडघा नाहीं. तरफ मिटतांच दोन उभे पोलादी पाचर खालून वर येतात व अडसर आणि चौकट यांच्या खांचांत एकदम बसून दोहोंस जखडतात. दाराला नुसता टेकू देणें आणि दारास अडणा घालणें यांत जो फरक, तोच येथें. हा १८९२ चा नमुना किती पल्ला गाठूं शकतो याची साक्ष ब्राझिलांत झालेल्या त्याच्या प्रतिकृतींनीं दिली आहे; त्यांपैकीं कांहीं '.४५४ कॅसुल' या ६५,००० पौंड दाबाच्या काडतुसासाठींही बनल्या.

घोटाळा असा झाला कीं, १८९२ ची बंदूक त्याच '.४४-४०' काडतुसासाठीं निघाली आणि १८७३ ची बंदूकही पुढें विसाव्या शतकांत कित्येक वर्षें बनतच राहिली. एक काडतूस, दोन यंत्रें, आणि दोहोंचें बळ निराळें. १९०३ च्या सुमारास जलद गतीचीं काडतुसें निघालीं, तेव्हां तीं १८७३ च्या बंदुकींत घालूं नयेत अशी सूचना पेटीवर छापणें भाग पडलें. पेटींतून बाहेर पडलेल्या एकट्या काडतुसाच्या बुडावर ही सूचना कशी दिसावी? एकाच नांवाच्या दोन पुरुषांची कृत्यें एकाच्या खातीं जमा झाल्याचीं उदाहरणें आपल्या इतिहासांत थोडीं नाहींत. तेथें चूक सुधारण्यास निदान अवसर मिळतो.

प्रतिकृतींचा काळ यानंतर बऱ्याच वर्षांनीं आला. अमेरिकेंतील यादवी युद्धाची शताब्दी १९६१ ते १९६५ या वर्षांत झाली. त्यामुळें जुन्या शस्त्रांची हौस वाढली, आणि ब्रेशा प्रांतांतील गार्दोने येथील कारखाने ती पुरवूं लागले. आल्दो उबेर्तीचा कारखाना १९५९ चा. १९८७ पासून जुन्या वेषांत जुन्या पद्धतीनें नेमबाजी खेळणाऱ्यांची संस्थाही तेथें आहे. या बंदुकांचें पोलाद जुन्याहून निःसंशय उत्तम आहे. परंतु 'प्रतिकृति' हा शब्द येथें जपून वापरला पाहिजे. विंचेस्टरनें एकोणिसाव्या शतकांत '.४५ कोल्ट' काडतुसासाठीं तरफेची एकही बंदूक केली नाहीं. तें रिव्हॉल्व्हरचें काडतूस. माझ्या विद्यार्थ्याची बंदूक ज्याची प्रतिकृति म्हणावी असें मूळ कधीं अस्तित्वांतच नव्हतें. बाह्यरूप १८७३ चें, दुव्यांची योजना १८६० ची, काडतूस रिव्हॉल्व्हरचें, दारू आजची. प्रत्येक अंगाची मर्यादा निराळ्या काळीं ठरलेली, आणि एकत्र आल्यावर कोणती लागू हें कोठेंच कोरलेलें नाहीं.

कारखानदारांस स्वतः हा विवेक आहे. १८६६ च्या पितळी चौकटीची प्रतिकृति उबेर्ती '.३८ स्पेशल'साठीं विकतात, ज्याचा मान्य दाब १७,००० पौंड, '.३५७ मॅग्नम' पोलादी चौकटीच्या १८७३ ला देतात. दुवे तेच असतां धातूप्रमाणें काडतूस बदललें, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे.

आतां विद्यार्थ्याचा हिशेब पाहूं. त्यानें दाबाची दाबाशीं तुलना केली. पण दुव्यांना दाब कळत नाहीं. त्यांना रेटा कळतो, आणि रेटा म्हणजे दाब गुणिलें बुडाचें क्षेत्रफळ. कवचाच्या बाहेरील व्यासानें स्थूल गणित केलें तरी पुरे. '.३५७'चें बूड .३७९ इंच, क्षेत्रफळ .११३ चौरस इंच. ३५,००० नें गुणतां रेटा सुमारें ३,९५० पौंड. '.४५ कोल्ट'चें बूड .४८० इंच, क्षेत्रफळ .१८१. त्याचा मान्य दाब १४,००० असल्यानें योग्य काडतुसाचा रेटा सुमारें २,५३० पौंड येतो. त्याच बुडास ३०,००० चा दाब लावला कीं रेटा ५,४३० पौंड! ज्याच्याहून आपण पांच हजारांनीं खालीं आहों असें त्यास वाटत होतें, त्याच्याहून तो दीड हजार पौंडांनीं वर होता. तुलनेसाठीं '.४४-४०'चा मान्य दाब ११,००० व रेटा सुमारें १,९२० पौंड. ज्या दुव्यांची आंखणी या शेवटल्या आंकड्याच्या आसपासच्या रेट्यासाठीं झाली, त्यांवर त्याच्या पावणेतीनपट भार पडत होता. आणखी एक गोष्ट : तेवढ्याच जाडीच्या नळींत काडतुसाचें घर मोठें कोरलें म्हणजे भोंवतालची भिंत पातळ होते; .३५७ ला जितकी भिंत मिळते तितकी .४५ ला मिळत नाहीं.

शिक्क्याविषयीं एवढेंच कीं, गार्दोनेच्या परीक्षागृहांत प्रत्येक बंदुकींतून मान्य दाबाच्या पंचवीस ते तीस टक्के अधिक दाबाचे बार काढतात. १४,००० वर तीस टक्के म्हणजे १८,२००. शिक्का खरा आहे, पण तो ३०,००० ची ग्वाही देत नाहीं.

राहतां राहिलें तें पुस्तकांतील कोष्टक. मीं त्या पानाचें छायाचित्र मागविलें. '.४५ कोल्ट' या एकाच मथळ्याखालीं दोन कोष्टकें होतीं. पहिलें सर्व शस्त्रांसाठीं. दुसऱ्याच्या माथ्यावर, तें केवळ रुगर वगैरे आधुनिक भक्कम शस्त्रांसाठीं आहे, असें स्पष्ट छापलें होतें. पुस्तककर्त्याचा दोष नाहीं. माझ्या विद्यार्थ्यानें मथळा वाचला, कोष्टक वाचलें, आणि मधली ओळ गाळली. पाठांतरें टिपून घेतांना समासांतील टीप सोडूं नये म्हणून मीं याच मुलास एकदां दोन तास बसवून ठेवलें होतें, तें मला आठवलें. पत्रांत मीं तें लिहिलें नाहीं.

अशा बंदुकीसाठीं काडतुसें भरणारानें काय पाहावें, याचा निर्णय वरील इतिहासावरूनच निघतो. गुडघ्याच्या यंत्रास मूळ काळ्या दारूच्या काडतुसाइतकाच दाब द्यावा. पुस्तकांत १८७३ व १८९२ यांचीं कोष्टकें निराळीं असतील तर पहिलेंच घ्यावें. दारू जोखल्यावर प्रत्येक कवचांत प्रकाश पाडून पाहावें, शक्य तर अशी दारू निवडावी कीं दुप्पट पडल्यास कवचाबाहेर सांडेल. गोळी बोथट असावी, कारण नळीखालच्या पोटांत काडतुसें एकामागें एक आडवीं बसतात व मागच्याचें टोंक पुढच्याच्या टोपीवर टेकतें. बहुतेक कारखानदार हातीं भरलेलीं काडतुसें वापरूंच नका म्हणतात. तें वाचून कोणी थांबेल असें मला वाटत नाहीं, परंतु तसें म्हणण्याचें कारण आतां वाचकांच्या ध्यानांत आलें असेल.

विद्यार्थ्यानें ती बंदूक कारागिराकडेच ठेविली. यंदा त्यानें '.४४-४०'चीच दुसरी घेतली, व तींत तो काळी दारू भरतो. त्याच्या मागील पत्रांत एक मजेची गोष्ट आहे. आजच्या कवचांत दारू न दाबतां पस्तीस ग्रेनांच्या आसपासच मावते. पूर्वींच्या कवचांचें बूड आंतून पोकळ व पातळ असे. आतां तें भरीव करतात, तेवढी जागा कमी झाली. तेव्हां यास चव्वेचाळीस-पस्तीस म्हणावें काय, असें तो विचारतो. मीं कळविलें कीं नांव तसेंच असूं द्यावें. पेटीवर मात्र दारूची जात, वजन व भरल्याची तारीख आपल्या हातानें लिहीत जावी.